राणी माझ्याकडं द्या

नेमाण्णांच्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द निघेल अशी आशा गावात कुणी ठेवलेली नव्हती. सकाळी दूध संस्थेच्या ओट्यावर किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी राहायची आणि संस्थेचे सचिव नेमगोंडा मगदूम, म्हणजे नेमाण्णा, टेबलामागं बसून येईल त्याला विचारायचे, "बोला, काय नासलंय?" दूध चांगलं असलं तरी प्रश्न हाच. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं तरी हाच. मी गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि राहायला जागा आहे का म्हणून विचारायला गेले, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं.

मी मूळची कबनूरची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. हे गाव कागलच्याही खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. इथली माणसं आईला अव्वा म्हणतात, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि भांडतात मात्र मराठीत. नेमाण्णांनी मला घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या आणि अटी सांगितल्या. "कांदा-लसूण खायचा असंल तर परड्यात चूल मांडून शिजवायचा. आणि पावसाळ्यात दिवा लावायचा तर खिडक्या मिटून लावायचा."

पहिली अट मला समजली. त्यांचं घर जैनांचं, कडक पाळणारं. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी फडक्यातून गाळून, चप्पल घालायची तर आधी झटकून. दुसरी अट कळली ती जूनमध्ये. एका संध्याकाळी अंगणातल्या भेगांतून वाळवीची पंखवाली पाखरं हजारोंनी निघाली आणि माझ्या बल्बकडं झेपावली. नेमाण्णा धावत आले आणि त्यांनी सरळ मीटरपाशी जाऊन अख्ख्या घराची वीज बंद केली. मग ते, त्यांच्या बायको पद्माक्का आणि मी, तिघंही सोप्यात अंधारात बसून राहिलो.

"घटकाभराचं आयुष्य हाय त्यांचं," ते म्हणाले. "तुमच्या बल्बवर आपटून मरायला न्हाय आल्यात ती."

"आण्णा, त्यातली एक जोडी जरी जगली तरी तुमच्या तुळईला लागेल."

"लागू दे. तुळई बदलता येती."

पद्माक्का अंधारातच हसल्या. त्या दोघांचं तेव्हा बरं चाललेलं होतं.

गावाच्या पश्चिमेला गायरान होतं. नावालाच गायरान. वर मुरमाड माळ आणि त्यावर जागोजाग वारुळं, काही गुडघ्याएवढी, काही माणसाच्या छातीला लागतील अशी. पावसाळ्यात जेमतेम हिरवं व्हायचं आणि गवत वाळायला लागलं की वाळवी ते जमिनीखाली ओढून न्यायची. मार्चमध्ये तिथं शेळीलाही काही मिळायचं नाही. ज्यांचा ऊस होता त्यांना फिकीर नव्हती. ते जनावरांना उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, घालायचे. गायरान लागायचं ते एक गाय, दोन शेळ्या असणाऱ्यांना, आणि अशांचं गावात कोण ऐकतं?

एकदा कुणीतरी वरपर्यंत तक्रार नेली. सरपंचांनी जेसीबी मागवला आणि दिवसभरात कडेची काही सोडून बाकीच्या सगळ्या वारुळांचे शेंडे उडवून माळ सपाट केला. संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, आधीचा आणि नंतरचा. नेमाण्णांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावरच सरपंचांना ऐकवलं, "वाळवीला फोटो दिसत न्हाय, सरपंच."

वारूळ म्हणजे वर दिसतं तेवढं नव्हेच. खरी वस्ती खाली असते. जेसीबीनं वरचा भाग खरवडला, खालच्या पोकळ्या तशाच राहिल्या आणि त्यांच्यावर मातीचा पातळ थर बसला. वरून बघणाऱ्याला कळूच नये की खाली जमीन नाही. दिवाळीच्या सुमाराला अशाच एका पोकळीत शेवंताच्या गाईचा पुढचा पाय गेला.

शेवंता गायरानाच्या कडेला एका खोलीत राहायची. नवरा माझ्याच गावाकडं, कबनूरला मागावर कामाला. मुलगा सदा कॉलेज सोडून घरी बसलेला. घर चालायचं ते त्या गाईवर. मी पोचले तेव्हा गाय एका कुशीवर पडली होती आणि गुडघ्याच्या वर हाड मोडून कातड्याबाहेर आलेलं होतं. एवढ्या जड जनावराचं असं हाड जुळत नाही. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली आणि शेवंताला खरं ते सांगितलं. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

गाय लगेच मेली नाही. तिथंच माळावर पडून राहिली. नेमाण्णा रोज संस्था बंद झाली की तिला पाणी घेऊन जायचे, पोत्याची सावली करायचे. ती गेली त्या दिवशी मी तिथं होते. त्यांनी मला विचारलं, "हिला कुणी मारलं, डॉक्टर?"

"खड्ड्यानं."

"आन् खड्डा कुणी केला?"

"वाळवीनं. आणि जेसीबीनं."

"आन् दिवं विझवून वाळवीला वाचवलं कुणी?"

मी म्हटलं, आण्णा, असा हिशेब लावत नसतात. ते म्हणाले, "मग कसा लावत्यात?" आणि रिकामी बादली घेऊन चालायला लागले.

त्याच आठवड्यात त्यांनी संस्थेत बैठक बोलावली. गायरानात पुन्हा डोकं वर काढणारी वारुळं मुळापासून काढायची, असा विषय. बसलेल्या लोकांना ते पटत होतं, पण हात कुणी लावायचा? वारुळात नाग असतो. नागपंचमीला बायका तिथं दूध-लाह्या घेऊन जातात. एकानं सांगितलं की त्याच्या आज्यानं वारूळ मोडलं आणि वर्षाच्या आत घरात मयत झालं. तेव्हा नेमाण्णा म्हणाले, "मी करतो."

मागं कुणीतरी हसलं. "आण्णा, तुमी पाणीसुद्धा गाळून पिता की."

"व्हय. म्हणूनच मी करतो. ज्याला सोपं वाटतंय त्याच्या हातात हे काम द्यायचं न्हाय."

ते कोल्हापूरला जाऊन कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापकांना भेटून आले. मलाही बरोबर नेलं होतं. प्राध्यापकांनी तासभर मन लावून समजावलं आणि नेमाण्णांनी त्यातला शब्दन् शब्द पाळला. संध्याकाळी वारुळाचा थोडा शेंडा मोडायचा आणि सकाळी बघायचं. ओल्या मातीनं डागडुजी केलेली असली तर आत वस्ती आहे. नसली तर ते वारूळ ओसाड आहे, त्याला हात लावायचा नाही. "ह्येनं काय केलंय तुमचं? ह्यात घोरपड ऱ्हाती," असं म्हणून ते ओसाड वारुळावर पहार उगारणाऱ्याला मागं ओढायचे. नागपंचमीच्या पूजेचं वारूळ त्यांनी भोवतीनं दगड रचून राखलं. औषध वापरायचं ते मापात आणि फक्त खणलेल्या भोकात, वरून माती दाबून. तेवढ्या भागात जनावर फिरकू द्यायचं नाही, हे मी बजावलं होतं. आणि निम्मं गायरान आळीपाळीनं चराईला बंद ठेवायचं, नाहीतर वाळवी गेली तरी गवत धरणार नाही.

दर शनिवारी माणसं जमायची. शेवंता, सदा, शेळ्यावाले, अजून काहीजण. टिकाव-पहारीनं खणत खाली गेलं की घट्ट मातीचा एक गोळा लागतो, पावाएवढा. तो फोडला की आत राणी. बोटाएवढी जाड, पांढरट, जागचं हलता न येणारी, आणि सगळं वारूळ तिच्यासाठी राबणारं. तिला ठेवून बाकी काहीही केलं तरी वारूळ पुन्हा उभं राहतं. ती गेली की हळूहळू सगळंच संपतं.

पहिला गोळा फोडला तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. सदानं राणीला उचललं आणि चिरडायला खाली टाकणार, इतक्यात नेमाण्णांनी हात पुढं केला.

"राणी माझ्याकडं द्या."

त्यांनी ती तळहातावर घेतली. तिचं अंग आतल्या आत लाटेसारखं हलत होतं. ते बाजूला गेले, एका दगडावर तिला ठेवलं आणि दुसरा दगड उचलून कितीतरी वेळ तसेच बसले. मग त्यांनी तो तिच्यावर दाबला. आवाज असा काही झालाच नाही. परत आले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच आंबट होता. "बघताय काय? पुढचं खणा," म्हणाले.

तेव्हापासून तो नियम झाला. खणायचं सगळ्यांनी, पण राणी नेमाण्णांकडं द्यायची. कुणी हौसेनं मारायला गेलं तर ते अंगावर धावून जायचे. मी एकदा म्हटलं, औषध तर तुम्ही सगळ्यांच्या हातून ओततच आहात, मग ह्या एकीनं काय फरक पडतो? ते म्हणाले, "फरक पडत न्हाय. पण एकाला तरी ठावं असलं पायजे की आपण काय करतोय."

शनिवारी ते विहिरीवर अंघोळ करून मगच घरात यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. पद्माक्का सुरुवातीला पाण्याचा तांब्या तरी समोर ठेवायच्या. मग तोही ठेवेनाशा झाल्या. त्यांनी नवऱ्याचं ताट वेगळं केलं, देवपूजेच्या भांड्यांना हात लावू दिला नाही. भांडण कधी ऐकू आलं नाही. त्या घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, नेमाण्णा स्वतःहूनच जायचे थांबले होते. समाजातल्या दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी संस्थेत येऊन त्यांना समजावून पाहिलं. नेमाण्णांनी विचारलं, "उसाला फवारताय ते काय असतंय? गुलाबपाणी?" त्यावर त्यातले एक म्हणाले, "ते पोटासाठी हाय, नेमगोंडा." नेमाण्णा म्हणाले, "हेबी पोटासाठीच हाय. फक्त माझ्या न्हाय."

पुढच्या वर्षीच्या चातुर्मासात एका मुनिमहाराजांचा मुक्काम गावात होता. महाराज सकाळी आहाराला निघतात तेव्हा घराघरांतून नवरा-बायको धूतवस्त्र नेसून, हातात कलश घेऊन दारात उभे राहतात. कुणाच्या दारी थांबतील ते आधी कुणालाच माहीत नसतं. पद्माक्कांनी त्यासाठी कितीतरी दिवस तयारी केली होती. अंगण सारवलं, विहिरीचं पाणी भरून ठेवलं, दळण घरच्या जात्यावर केलं. त्या सकाळी मी दवाखान्यात निघाले होते. त्या नेमाण्णांना म्हणत होत्या, अगदी हळू, "अवो, तुमी आज मागच्या गोठ्यात ऱ्हावा की."

नेमाण्णांच्या अंगावर तेव्हा पांढरं धोतर होतं. म्हणजे तेही उभं राहायच्या तयारीनंच आले होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "डॉक्टर, आज गायरानात काय काम हाय का?" त्यांनी मला विचारलं. काम काहीच नव्हतं. मी हो म्हटलं. ते तसेच पांढऱ्या धोतरात माळावर गेले आणि ऊन चढेपर्यंत एका ओसाड वारुळाशेजारी बसून राहिले. पद्माक्का कलश घेऊन एकट्या दारात उभ्या राहिल्या. महाराज पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या घरी थांबले. त्याचं कारण नेमाण्णा नव्हते, ते कुणाच्याच हातात नसतं. पण पद्माक्कांनी ते तसं धरलं आणि पुढं कधी सोडलं नाही.

गवत मात्र आलं. पहिल्या वर्षी फारसं नाही. दुसऱ्या वर्षी पवना आणि शेडा ही चाऱ्याची गवतं दिसायला लागली, त्यानंतरच्या वर्षी कमरेएवढं मारवेल उभं राहिलं. वाऱ्यानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत हलायचं. शेवंतानं गाय घेतली. दूध घालणं सोडून गेलेली माणसं पुन्हा ओट्यावर आली. नेमाण्णांनी त्यांना काय विचारलं ते सांगायला नको. पण संध्याकाळी ते गायरानात चक्कर मारायचे आणि परत येताना कुसळं भरलेलं धोतर घेऊन सोप्यात बसायचे. एकेक कुसळ काढायचे. ते करताना ते गुणगुणायचे, असं पद्माक्कांनीच मला सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा हसरा नव्हता.

मग एका सकाळी दोन पांढऱ्या गाड्या आल्या. माणसं उतरली, तिपाईवर दुर्बीण लावून मोजमाप करायला लागली. नेमाण्णांना वाटलं, कुठल्यातरी खात्याचे अधिकारी गायरान बघायला आलेत. बक्षीस वगैरे असतं तसं काही. त्यांनी संस्था दुसऱ्याकडं सोपवली, मला बोलावून घेतलं आणि स्वतः त्या माणसांना सगळा माळ फिरवून दाखवला. इथं छातीएवढं वारूळ होतं, इथं तीन एकाला एक जोडून होती, इथं राणी सापडायला दोन शनिवार लागले. तो माणूस इतकं गोड बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी घरून ताक मागवलं. साहेबांपैकी एकानं ताक पिऊन मिशा पुसल्या आणि म्हणाला, "काका, तालुक्यात बऱ्याच जागा बघितल्या. इतकी क्लीन जमीन कुठं मिळाली नाही. ना उंचवटे, ना पोकळी."

नेमाण्णा हसले. त्यांना असं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पंधरवड्यानंतर ग्रामसभा लागली. गायरान सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायचं होतं. जागा कुठलीतरी लागणारच होती, साहेबांनी ही निवडली होती. गावातल्या पोरांना रखवालीची, साफसफाईची कामं मिळतील असं सांगण्यात आलं. सरपंच बराच वेळ विकासावर बोलले. मग नेमाण्णा उठले.

"ह्यो माळ वारुळांनी भरला होता तवा एक तरी सायब हिकडं आलता का?"

सरपंचांनी समोरचे कागद चाळले.

"आमी साफ केला म्हणून तुमाला दिसला. आमी केला न्हाय, ह्यांनी केला." त्यांनी बसलेल्यांकडं हात केला. "शनिवारच्या शनिवार खणलंय ह्यांनी. विचारा त्यांना."

सरपंच म्हणाले, "विचारतो की. ज्यांची संमती हाय त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. ऊसवाल्यांचे झाले, ते होणारच होते. मग शेळ्यावाल्यांचे एकेक झाले. शेवंता बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. सदाला रखवालदाराची नोकरी मिळणार, हे आदल्या दिवशीच तिच्या कानावर घातलेलं होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि हात वर केला, खांद्याच्या वर जाईल न जाईल इतका. नेमाण्णांनी तो पाहिला. ते खाली बसले. घरी येताना वाटेत मी शेवंताबद्दल काहीतरी रागानं बोलले. "गप ऱ्हावा डॉक्टर," ते म्हणाले. "तिच्या जागी मी असतो तर दोन्ही हात वर केलं असतं."

पावसाळ्याआधी गवतावरून यंत्रं फिरली आणि भोवतीनं तारेची जाळी लागली. पूजेचं वारूळही गेलं. आत काळ्या पट्ट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. शेवंतानं गाय विकली. ओट्यावरची रांग पुन्हा आखूड झाली आणि नेमाण्णांनी सचिवपद सोडलं. माझी बदली राधानगरीकडं झाली होती. सामान बांधायला मी दोन दिवस तिथं होते, तेव्हा प्रकल्पाचा एक तरुण इंजिनीअर घरी आला. आतल्या तारांची आवरणं वाळवी कुरतडते आहे, कडेनं वारुळं पुन्हा वर येतात, गावात सगळे तुमचं नाव सांगतात, असं म्हणाला. मुलगा सभ्य होता. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं.

नेमाण्णा काही बोलायच्या आत पद्माक्का आतून बाहेर आल्या. "जावा बाळा तुमी," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातनं आता कायबी मारून घ्यायचं न्हाय."

तो गेला. नवरा-बायको एकमेकांकडं न बघता आपापल्या कामाला लागले.

गेल्या वर्षी जिल्ह्यात जनावरांच्या लसीकरणासाठी आमची पथकं फिरत होती. मी त्या गावी गेले आणि काम संपवून नेमाण्णांच्या घरी गेले. पद्माक्का म्हणाल्या, माळाकडं गेलेत. मी तिकडं निघाले. जाळीच्या बाहेरच्या पायवाटेवर ते उकिडवे बसलेले दिसले. फार वाळले होते. शेजारी एक रिकामं पोतं. घरात एक म्हैस उरली होती, तिच्यासाठी वैरण काढत होते. बाहेर सगळा मुरूम उघडा पडलेला, आणि जाळीच्या आत, पट्ट्यांच्या सावलीत, मारवेल हिरवंगार वाढलेलं.

मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बस्तीत जाता का, असं मी विचारलं.

"न्हाय गेलो अजून," ते म्हणाले. "काय सांगू जाऊन? गवतासाठी मारलं म्हणून सांगावं, तर गवत कुठं हाय?"

बोलता बोलता त्यांनी जाळीच्या भोकातून हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि गवताची एक जुडी मुठीत धरून उपटली. तेवढ्यात आतून सदा आला. निळा गणवेश, कमरेला शिट्टी. मला ओळखून त्यानं मान खाली घातली. मग नेमाण्णांना म्हणाला, "आण्णा, हात काढा. कॅमेरा हाय वर. मला बोलत्यात सायब."

"काढतो की," नेमाण्णा म्हणाले.

त्यांनी हात मागं ओढला. मनगटापर्यंत आला आणि अडकला. गवतासकट मूठ त्या भोकातून निघेना. त्यांनी पुन्हा ओढली, तारेनं कातडं सोललं. सदा आत उभा राहून बघत होता आणि मी बाहेर. नेमाण्णांनी आमच्या दोघांकडं पाहिलं नाही. त्यांनी मूठ उघडली.